मदत हवी आहे: हायाबुसा मागून 40 मि.मी. खाली घेतली, आता वळायला तयार नाही

मंडळी, गाडी म्हणजे सुझुकीची मोटरसायकल, तिसऱ्या पिढीची हायाबुसा, 2021 चं मॉडेल. रोज कामावर हीच आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) पाव मैल पळवायलाही हीच. दुसरी गाडी ठेवणं शक्य नाही, त्यामुळे 'ड्रॅगला वेगळी घ्या' हा सल्ला आधीच साभार परत.

स्ट्रिपवर क्लच सोडला की पुढचं चाक उठायचं आणि थ्रॉटल मिटावा लागायचा. लाँच कंट्रोल (सुटताना ताकद आवरणारं) आणि अँटी-लिफ्ट (पुढचं चाक उठू न देणारं) लावून बघितलं, पण ते ताकदच कापतं. मी हाताने करत होतो तेच ते करतं, फक्त माझ्यापेक्षा सफाईने. म्हणून लांब डॉगबोन (मागच्या सस्पेन्शनच्या जोडपट्ट्या) टाकून मागची बाजू 40 मि.मी. खाली घेतली. पुढचं तसंच ठेवलं, कारण काम करणारा म्हणाला, 'पुढचं कशाला छेडायचं?'

आता चौकात वळताना गाडी सरळच जायला बघते, हँडल ढकलून ढकलून आडवी करावी लागते. खड्ड्यात मागून 'खर्र' असा आवाज येतो. सीटखाली हात घालून बघितलं तर आतल्या प्लास्टिकवर बोटभर रुंद काळा पट्टा, टायर घासल्याचा. आणि परवा साइड स्टँडवर लावून हेल्मेट काढत होतो, तेवढ्यात गाडी उजवीकडे गेली. स्टँड मूळ लांबीचाच असल्याने गाडी जवळपास उभीच राहते, हे तेव्हा डोक्यात शिरलं. लिव्हर गेला, फेअरिंगला ओरखडा. सध्या चाकाखाली फळी घालून लावतो.

पुढचंही 40 खाली घेऊ का? लोक फोर्कला, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांना, पट्टे बांधतात ते रस्त्यावर चालतं का? की मागचं चाक धरणारा स्विंगआर्मच सरळ लांब करू?

जुना_क्लच
पट्ट्यांचं आधी सांगतो, कारण त्यात जीव जातो. पट्टा बांधला की फोर्क दाबलेल्या स्थितीत अडकतो. स्ट्रिपवर तेच हवं असतं, लाँचला नाक वर येत नाही. रस्त्यावर मात्र पुढे सस्पेन्शन उरतच नाही. खड्ड्यात चाक खाली जायला हवं तिथे ते लटकतं, ब्रेक मारला तर टायरची पकड सुटते. स्ट्रिपवर पोचल्यावर बांध, निघताना सोड. सोडायला विसरलेला माणूस मी पाहिला आहे. तो मीच.

आता वळण्याचं. तुझ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, 1480 मि.मी. मागून 40 खाली म्हणजे अख्खी गाडी साधारण दीड अंश मागे कलली. रेक (फोर्कचा तिरकेपणा) 23 अंशांवरून साडेचोवीसच्या आसपास आणि ट्रेल (फोर्कच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायरच्या टेकणीपर्यंतचं अंतर) 90 मि.मी. वरून 99 च्या घरात गेला. हे दोन्ही वाढले की वळायला जड जातं. गाडी सरळच जायला बघणार, दुसरं काय होणार? मागे जेवढी खाली घेतलीस तेवढीच पुढे घे, भूमिती परत जागेवर येते. फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवायच्या. पण नळी तिरकी आहे, 25 सरकवलीस तर उभ्यात 23 च मिळतात.

टॉर्कवाली
जुना_क्लच यांच्याशी सहमत, पण दोन्हीकडे 40 मला पटत नाही. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी जागा) मूळचा 125 मि.मी. त्यातून 40 गेले की 85, आणि तुम्ही बसल्यावर स्प्रिंग दबते ती वेगळीच. गतिरोधकावर पोट घासणार, आणि आडवी केली की फूटपेग लवकर टेकणार. रोजच्या रस्त्याला दोन्हीकडे 25 वर थांबा.

टायर घासतो का, हे गाडीवर उड्या मारून तपासू नका. मागचा शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) काढा, त्यावरची स्प्रिंग उतरवा, नुसता शॉक परत बसवा आणि चाक हाताने पूर्ण वर उचला. जिथे टेकेल ते डोळ्यांनी दिसतं. नुसत्या उभ्या गाडीत दोन बोटं जागा दिसते म्हणून लोक फसतात. पुढेही तसंच: फोर्क पूर्ण दाबल्यावर मडगार्ड रेडिएटरला किंवा खालच्या क्लॅम्पला लागता कामा नये. फोर्कच्या नळीला एक झिप टाय बांधून ठेवा, ब्रेक मारल्यावर फोर्क कुठवर गेला ते तो सांगतो.

आणि प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सैल करून गाडी खाली आणायचा मोह नको. उंची कमी होते खरी, पण खड्ड्यासाठी राखलेली जागा आधीच खर्च होते. चेनची ढील मात्र नव्याने मोजा.

धागाकर्ता
धन्यवाद! म्हणजे 25 वर आलो तर स्ट्रिपवरचा फायदा गेला?

जुना_क्लच
मुळात फायदा होता किती ते बघ. पुढचं चाक कधी उठतं? मागच्या टायरच्या टेकणीपासून गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर भागिले त्याची उंची, गाडीच्या वेगवाढीने तेवढे जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) ओलांडले की. समज, तुझ्यासकट अंतर 700 मि.मी. आणि उंची 650. मर्यादा 1.08 जी. दोन्हीकडे 40 खाली घेतलंस तर 700 भागिले 610, म्हणजे 1.15. त्याऐवजी 25 खाली घेतलंस तर 1.12. हा फरक लाँचला पोट टाकीवर टेकवून पुढे सरकलास तरी भरून निघतो, आणि त्याला पान्हाही लागत नाही.

स्विंगआर्म 100 मि.मी. लांब केला तर अंतर 790 च्या आसपास जातं, मर्यादा 1.2 च्या वर. स्ट्रिपवर खरा फरक तिथे आहे. पण किंमतही तिथेच. 600 चा स्विंगआर्म 700 चा झाला की चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा ताठपणा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे पाव भाग गेलाच, मग स्प्रिंगही बदल. शिवाय ब्रेकची नळी, एबीएस सेन्सरची वायर, चेन, सगळं लांब लागतं. रोज कामावर जायच्या गाडीला मी करणार नाही.

टॉर्कवाली
साइड स्टँडचं राहिलं. मूळ उंचीच्या दुसऱ्या गाडीवर फोनच्या लेव्हलने स्टँडवरचा कल मोजून घ्या. मग तुमची गाडी कुणालातरी त्याच कलाला धरायला सांगा आणि स्टँड किती जास्त आहे ते मोजा. ते संपूर्ण कापू नका, थोडं ठेवा. कमी कापलेलं परत कापता येतं.

धागाकर्ता
दोन आठवड्यांनी आलो. मागे 25 वर आणली, पुढे नळ्या 27 सरकवल्या, म्हणजे उभ्यात 25. स्प्रिंग काढून चाक वर उचललं तर प्लास्टिक आणि टायरच्या मधून करंगळी जेमतेम जाते. 40 वर का घासत होतं ते पाहिल्यावर अंगावर काटा आला. काल त्याच चौकातून वळलो, गाडी आपसूक आडवी झाली. इतके दिवस हँडल ढकलायची सवय लागली होती, त्यामुळे पहिल्या वळणावर मीच जास्त आत गेलो.

स्टँड 18 कापला, फळी घरी ठेवली. पट्टे घेतलेत, पण ते टाकीवरच्या बॅगेत, लाल दोरी बांधून. बांधलेले असताना ती दोरी किल्लीला अडकवायची असं ठरवलंय.

जुना_क्लच
दोरीची कल्पना माझ्याकडे आधी असती तर!