एआयच्या जागा वाढल्या, शिकवणार कोण?

कृष्णाकाठ
इंजिनिअरिंग प्रवेशाचा कॅप राउंड आला की सांगली-साताऱ्याकडची निम्मी पोरं पहिल्या पसंतीला डोळे झाकून एआय-डीएस, म्हणजे एआय आणि डेटा सायन्सची शाखा, टाकतात. तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईनं २०२५ हे एआयचं वर्ष म्हणून जाहीर केलं. त्याआधीच, २०२४-२५ पासून, बऱ्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठली होती. जागा वाढल्या, शिकवणारे तेच. काल डेटाबेस शिकवणारा आज डीप लर्निंगच्या वर्गावर उभा.

माझं मत: वेगळी शाखा फुगवू नका. जेवढे शिकवणारे तेवढ्याच जागा ठेवा. त्यापेक्षा एआयचा एकेक पेपर सिव्हिल, कृषी, कॉमर्स, अगदी बीएलाही द्या.

विटेकर
सर, ऐकायला बरं वाटतं. पण जागा कमी केल्या की कटणार कोण? विटा-आटपाडीचा पोरगा. ज्याच्या बापाला पुण्याची फी झेपते तो तिकडं जाऊन शिकेलच. कंपनीवाले अर्ज चाळताना आधी शाखा बघतात, 'सिव्हिल, पण एआयचा एक पेपर केलाय' याला कोण विचारतो? गूगलच्या कोलॅबवर एआयला लागणारा जीपीयू, म्हणजे जोरकस प्रोसेसर, फुकट मिळतो, लेक्चर नेटवर आहेत. कर्मवीरांनी १९१९ ला काल्यात रयत काढली तेव्हा काय सगळं हाताशी होतं?

माहुलीची मास्तरीण
कर्मवीरांचं नाव घेतलंत तर पुढचंही सांगा. अण्णांनी १९३५ ला साताऱ्यात शिक्षक घडवायला ट्रेनिंग कॉलेज काढलं. गावोगाव शाळा न्यायच्या तर मास्तर कुठून आणायचे, हे त्यांनी धरलं होतं. आज उलटं चाललंय. मी तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टीत तासच नाहीत, म्हणजे मानधनही नाही. नवीन विषय मी शिकायचा कधी आणि कुणाच्या पैशानं? आणि लेक्चर नेटवर आहेत म्हणता, तर मग पोरांकडून फी कशाची घेतात?

विटेकर
मॅडम, तुमचं दुखणं खरं आहे. पण ते पगाराचं आहे, त्यासाठी पोरांच्या जागा का अडवायच्या?

कृष्णाकाठ
@विटेकर, कारण बिघडतं ते पोरांचंच. एका कॉलेजात बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रोजेक्ट: द्राक्षाच्या पानावरून रोग ओळखणं. अचूकता ९८ टक्के, स्लाइड झकास. विचारलं, फोटो कुठले? म्हणे 'प्लँटव्हिलेज'. हा जगभर वापरला जाणारा फुकट संच, चोपन्न हजारांवर फोटो. पण त्यात द्राक्षाचे वर्ग चारच: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान. डाऊनी नाही, भुरीही नाही! म्हणजे तासगावचा बागायतदार ज्या दोन रोगांपायी रात्री झोपत नाही, ते त्या मॉडेलला माहीतच नाहीत. डाऊनीचं पान दाखवलं तरी ते त्या चारातलंच एक नाव ठोकून देणार, तेही छातीठोकपणे. शिवाय फोटो सुट्या पानाचे, साध्या पार्श्वभूमीवरचे. बागेत पानावर पान असतं, सावली असते, औषधाचे पांढरे डाग असतात. पोरगा हुशार होता, चूक त्याची नाही. वर्षभरात हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. गाईडला सांभाळायला असे डझनभर गट, आणि द्राक्षाचं पान गाईडनं तरी कधी निरखलंय?

म्हणून म्हणतो, हा विषय कृषीच्या पोरांना द्या. डाऊनी कुठली आणि औषधाचा डाग कुठला, हे त्यांना कळतं.

बेदाणा
आमी शेतकरी माणसं, कोर्सातलं कळत न्हाई. पर सरांचं खरं हाय. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की डाऊनी घडात घुसते, मग पान बघून काय उपयोग? घडकुज व्हायच्या आत सांगणारं यंत्र काढा, पोरांना चहा मी पाजतो. फकस्त फवारणीच्या दिवशी बागंत येऊ नका.

विटेकर
बरं, प्रोजेक्टचं पटलं. पण सर, कृषीच्या पोराला पायथॉन कोण शिकवणार? तिथंही तोच तासिकावाला येणार ना? मग माझ्या गावच्या पोराची शाखाच तेवढी का छाटताय?

माहुलीची मास्तरीण
तासिकावाली म्हणा. आणि हो, मीच येणार. आधी एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या, राहिलेल्या केट्या सोडवून घेईन, मग पायथॉन. वर्षभराची नेमणूक द्या, बेदाणाभाऊंच्या बागेतही वर्ग भरवते.

कृष्णाकाठ
@विटेकर, छाटा म्हटलंच नाही, फुगवू नका म्हटलं. शिक्षकांची पूर्णवेळ पदं भरा, त्या प्रमाणात जागा वाढवा, माझी हरकत नाही.

विटेकर
पदं भरेपर्यंत आमचा पोरगा बारावी होऊन चार वर्षं झालेली असतील, सर. मी यंदा एआयच टाकायला सांगणार.