निओफोरजे (ग्राफ डेटाबेस): एकटी क्वेरी ४० मिलिसेकंद, ५० एकदम आल्या की २ सेकंद

प्रश्न

निओफोरजे ५, कम्युनिटी एडिशन. १६ कोर, ६४ जीबी रॅम, हीप (जावाची कामाची मेमरी) १६ जीबी, पेज कॅशचा (डिस्कवरचा डेटा मेमरीत ठेवण्याच्या जागेचा) आकडा दिलेला नाही. स्टोअर (डिस्कवरचा डेटा) ३० जीबी.

क्वेरीचा क्रम असा:
१. नावावरून वर्ग-नोड मॅच
२. त्याच नोडवर सेट: पाहणी = पाहणी + १
३. विथ (इथवरचा निकाल पुढे नेणारं कलम), मग त्या वर्गातली उत्पादने, ती घेणारे ग्राहक, त्यांनी घेतलेली इतर उत्पादने
४. काउंट, ऑर्डर बाय, लिमिट १०

लोड टेस्टमध्ये सगळे ५० थ्रेड एकच वर्ग मागतात. सीपीयू ७ टक्क्यांच्या वर जात नाही, डिस्क शांत. प्रोफाइलमध्ये (क्वेरी कशी चालली त्याच्या तपशिलात) नोड इंडेक्स सीक दिसतो, म्हणजे इंडेक्स लागतोय. मग अडतंय कुठे?

उत्तर १

ड्रायव्हरचा (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचा) कनेक्शन पूल, म्हणजे तयार जोडण्यांचा साठा, वाढवून बघा.

उत्तर २

पूल नाही. त्याची मर्यादा मुळातच १०० असते, तुमचे थ्रेड ५०.

आधी गणित मांडा. ४० मिलिसेकंदांचं काम १६ कोरवर सेकंदाला साधारण ४०० वेळा होतं. म्हणजे ५० एकदम आल्या तरी सव्वाशे मिलिसेकंदांत उरकायला हव्यात. तुमचे २ सेकंद म्हणजे बरोबर ५० गुणिले ४०. आणि १६ पैकी एक कोर म्हणजे सव्वासहा टक्के. क्वेऱ्या एकामागे एक रांगेत चालल्यात.

रांग लागते ती पायरी २ मुळे. सेट होताच त्या नोडवर एक्सक्लुझिव्ह लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) बसतो आणि तो कमिट होईपर्यंत, म्हणजे बदल पक्का होईपर्यंत, सुटत नाही. तुम्ही लॉक आधी घेताय आणि त्यानंतर ४० मिलिसेकंद निवांत वाचताय. नुसत्या वाचनाला निओफोरजे लॉक लावत नाही, त्यामुळे सेट काढला की रांगही जाते.

खात्री करायची तर टेस्ट चालू असताना दुसऱ्या विंडोत शो ट्रान्झॅक्शन्स द्या. स्टेटसच्या रकान्यात एक रनिंग आणि बाकीच्यांपुढे ‘ब्लॉक्ड बाय’ दिसेल.

प्रश्नकर्ता

दिसलं, ४९ ब्लॉक्ड. सेट क्वेरीच्या शेवटी नेला तर पुरेल?

उत्तर २

रांग आखूड होईल, जाणार नाही. कमिटपुरता लॉक राहतोच. शिवाय शेवटी १० ओळी असतात, तिथे तसाच सेट लिहिला तर मोजणी १० ने वाढेल. त्यापेक्षा मोजणी वेगळीच करा: ॲपमध्ये आकडे साठवा आणि दर ५ सेकंदांनी एकाच छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये वर्गवार बेरीज लिहा. ॲप पडलं तर ५ सेकंदांच्या पाहण्या जातील, एवढी किंमत मान्य असेल तर.

लिहिताना एक भान ठेवा. ‘पाहणी = पाहणी + १’ असं एकाच ओळीत असेल तर आधी लॉक, मग वाचन, म्हणून आकडा चुकत नाही. जुना आकडा विथमधून आणून मग सेट केलात तर समांतर बदल गुपचूप हरवतील.

उत्तर ३

त्या बेरजेच्या ट्रान्झॅक्शनमध्ये वर्ग नेहमी नावाच्या क्रमाने लावून घ्या. ॲपच्या दोन प्रती चालत असतील आणि एक अ-मग-ब, दुसरी ब-मग-अ अशी गेली, तर डेडलॉक: दोघी एकमेकींच्या लॉकची वाट बघत अडकतात. ड्रायव्हरचं एक्झिक्यूट-राइट हे फंक्शन वापरत असाल तर ड्रायव्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून एरर दिसत नाही, नुसता उशीर दिसतो. हे शोधायला फार वेळ जातो.

आणि वर्गाचं नाव क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नका, पॅरामीटर द्या. नाहीतर दर नावागणिक मजकूर वेगळा आणि पार्सिंग नव्याने.

प्रश्नकर्ता

मोजणी बाहेर काढली, ५० थ्रेडना आता १४० मिलिसेकंद. पण सर्व्हर रीस्टार्ट केला की सुरुवातीच्या विनंत्या सेकंदाच्या वर जातात.

उत्तर ३

ती थंड पेज कॅश. रीस्टार्टनंतर लगेच एक क्वेरी चालवा, ती हळू जाईल. तीच पुन्हा चालवली की भराभर. पेज कॅश ३४ जीबी ठरवून द्या. ३० चं स्टोअर मावतं, वाढीला जागा राहते, हीपचे १६ धरून ५० होतात. उरलेले १४ ओएसला सोडा. फुलटेक्स्ट इंडेक्स असतील तर ते लुसीनचे (मजकूर शोधणारी लायब्ररी), त्यांना पेज कॅश नाही, ओएसचीच मेमरी लागते.

कम्युनिटी एडिशनमध्ये आपोआप वॉर्मअप नाही. रीस्टार्टनंतर ट्रॅफिक सोडण्याआधी गर्दीच्या वर्गांवर हीच क्वेरी एकदा फिरवून घ्या.