मदत हवी आहे : महाविद्यालयाच्या समित्यांसाठी कायदेशीर सल्लागार

सप्रेम नमस्कार. फोंडा तालुक्यातील, गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयाचे काम मी पाहतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या फायली उन्हात घालताना लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या स्थापनेचा आदेश हाती लागला आणि त्यातले दोष पाहून मी चक्रावलो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार विभागप्रमुखांना या समितीवर घेता येत नाही. आमच्याकडे दोन विभागप्रमुख सदस्य आहेत, आणि ३ वर्षांची मुदत संपूनही सूचनाफलकावर एका निवृत्त प्राध्यापिकेचे नाव अध्यक्ष म्हणून झळकते आहे.

माझी खरी अडचण अशी, की याच समितीपुढे एका विद्यार्थिनीच्या तक्रारीची चौकशी सुरू असून ती पूर्ण करण्यास ९० दिवसांची मर्यादा आहे. समितीची पुनर्रचना केल्यास आतापर्यंत नोंदवलेले जबाब ग्राह्य राहतील, की चौकशी पहिल्यापासून करावी लागेल? त्या मुलीला सारे पुन्हा सांगायला लावणे मला तरी पटत नाही.

शिवाय २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीही नव्याने नेमायची आहे. तेव्हा शिक्षणसंस्थांच्या सेवाविषयक आणि नियामक बाबी नित्य हाताळणारे, वार्षिक मानधनावर काम करण्यास तयार असलेले पणजी, मडगाव वा फोंड्यातील वकील कोणाच्या परिचयाचे असल्यास कृपया मला व्यक्तिगत संदेशाने कळवावे. केवळ नोटिशीला उत्तर लिहून देणारे नकोत, आदेशाचा मसुदा आधी तपासणारे हवेत.