औषधदुकानातलं क्लिनिक: कशासाठी जावं, कशासाठी नाही

‘तिथे डॉक्टरच नसतात, मग जायचं कशाला?’ हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. अमेरिकेत २००० साली मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात सुरू झालेल्या या प्रकारच्या क्लिनिकांत बहुतेकदा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा प्रशिक्षण घेतलेली नर्स असते. ती तपासते, औषधही लिहून देते. लस, घसादुखी, मूत्रमार्गाचा साधा संसर्ग एवढ्यासाठी ती पुरेशी.

घशाचंच घ्या. स्ट्रेपची (घशाच्या एका जिवाणू-संसर्गाची) झटपट चाचणी काही मिनिटांत होते, पण स्वॅब दोन्ही टॉन्सिलांवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून नीट फिरायला हवा. नुसता जिभेला-गालाला लागला तर संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून मुलांची चाचणी निगेटिव्ह आली तरी कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघायची तपासणी, पाठवतात. पाठवलं का, ते विचारा. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा विषाणूच. तिथे अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका.

लघवीला जळजळ आणि सोबत ताप, थंडी, कुशीत दुखणं किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरच गाठा. छातीत दुखणं, धाप, तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप: थेट इमर्जन्सी.

खरी गोची नोंदींची. चालू औषधांची आणि अ‍ॅलर्जीची यादी सोबत न्या, निघताना तपासणीचा अहवाल नेहमीच्या डॉक्टरांना पाठवायला सांगा. नाहीतर त्याच तपासण्या पुन्हा होतात. विमा चालतो का, हे आधीच विचारा. आणि औषध त्याच दुकानातून घ्यायची सक्ती नसते. प्रिस्क्रिप्शन दुसरीकडेही पाठवता येतं.