घरातलं माणूस नाहीसं होतं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

रहस्यकथेत नवरा किंवा बायको गायब झाली की शेवटच्या पानापर्यंत उलगडा होतो. आमच्या आत्याकडे तो अजून व्हायचाय.

मी तिसरीत असताना आतोबा "जरा जाऊन येतो" म्हणून गेले ते गेलेच. मुंबई दूरदर्शनवर तेव्हा 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं. अंगाने सडपातळ, रंग सावळा, नाक सरळ, त्या ठरलेल्या चालीत. आतोबांचाही फोटो लागला. एकट्याचा नव्हताच, म्हणून लग्नातल्या ग्रुपफोटोतून कापून दिलेला. त्यांच्या खांद्याशी आत्याच्या शालूचा काठ दिसत होता. अर्धी चाळ आमच्या टीव्हीपुढे बसलेली, आणि शेवटी बाई म्हणाल्या, "मराठी, हिंदी व कन्नड बोलतात." आत्या चटकन आईकडे वळली, "यांना कानडी कधी येत होतं?"

वर्णन तिच्या दिरानं लिहून दिलं होतं.

तर लिहा. पेपरातल्या खुनाच्या केसेस नकोत, त्या सगळ्यांनी वाचल्यात. जवळून पाहिलेलं लिहा, ओळख पटेल असं काही ठेवू नका. माणूस सापडला का, यापेक्षा तो गेल्यावर त्याच्याबद्दल काय कळलं ते मला ऐकायचंय.

डोंबिवलीहून

माझाच नवरा. 2009. नेहमीसारखा डबा घेऊन 7.42 ला गेला, रात्री आला नाही. सकाळी ऑफिसात फोन केला तर पलीकडचा माणूस गप्पच झाला. मग म्हणाला, "वहिनी, ते पाच महिन्यांपूर्वीच सोडून गेले."

पाच महिने मी पोळीभाजी देत होते! पाच महिने डबा संध्याकाळी घासून परत येत होता. ऑफिसात बेसिन आहे, तुला कशाला त्रास, म्हणायचा. मला कौतुक वाटायचं, जावेला सांगायचे मी.

कपाटात माळ्याच्या बाजूला तीन पर्सनल लोनची कागदं निघाली. एकावर जामीन म्हणून माझ्या भावाची सही. भावाला माहीत होतं, मला नाही. नवऱ्यापेक्षा त्याचंच जास्त लागलं, खरं सांगते.

एकोणीस दिवसांनी अक्कलकोटला सापडला, अन्नछत्रात वाढत होता. आणायला गेलो तर म्हणाला, "पंगत उठू दे." आम्ही थांबलो. आता बरं चाललंय. डबा कुठे घासायचा ते मात्र मी अजून विचारलेलं नाही.

निवृत्त हवालदार, सातारा जिल्हा

आधी एक गोष्ट. चोवीस तास थांबावं लागतं हे सिनेमातलं आहे. मिसिंग लगेच दाखल करता येते, ठाण्यात कुणी थांबा म्हटलं तर ऐकू नका. मग फोटो, बिनतारी संदेश, दवाखाने, आसपासच्या ठाण्यांची अकस्मात मृत्यूची रजिस्टरं. हल्ली सीडीआर, म्हणजे मोबाइलच्या कॉलची नोंद, आधी मागवतात, त्यात निम्मा संसार उघडा पडतो.

आणि हो, पहिला संशय घरच्यावरच. लोक चिडतात, पण तपास तिथूनच सुरू होतो. एक गृहस्थ बायको हरवल्याची तक्रार द्यायला आले. सकाळी बाई गेलेली, दुपारी बाराला यांच्या हातात फोटोच्या बारा प्रती, साडीचं वर्णन काठापदरासकट टाइप केलेलं. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, याला सोडू नकोस. दोन दिवस आम्ही त्याला पिळला. घरामागची ताजी उकरलेली जमीन खणली, तर खाली आळूचे कंद. माणूस स्वभावानंच तसा, किराण्याची यादीसुद्धा टाइप करणारा.

बाई पुण्यात मिळून आली. एका मेसमध्ये कामाला लागलेली. जबाब लिहून घेताना म्हणाली, "साहेब, मी हरवलेली नाही. मी निघून आलेली आहे." सज्ञान बाई, स्वखुशीनं राहते म्हटल्यावर आम्ही काय करणार? पत्ता नवऱ्याला देऊ नका म्हणाली, दिला नाही. त्याला एवढंच सांगितलं, सुखरूप आहे. त्यानं पावती मागितली.

कुडाळकडचा

आमचे आजोबा गिरणीत. आजी गावाला, वर्षाला गणपती आणि शिमगा एवढाच संसार. बाकी मनीऑर्डर. खालच्या कुपनावर दोन ओळी असायच्या, पोस्टमन वाचून दाखवायचा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे मनीऑर्डर बंद आणि आजोबाही बंद. काका लालबागला शोधायला गेले तर खोलीत एक बाई आणि दोन पोरं. आजोबा तिथूनही चार महिन्यांपूर्वी गेलेले. तीही वाटच बघत होती.

तिनं काकांना चहा दिला आणि हिशोबाची वही दाखवली. वहीतलं अक्षर बघून काका गारच. कुपनांवरचं तेच. आजोबांना सहीपुरतंच यायचं, म्हणजे "पोरांना शाळेत घाला, पावसापूर्वी कौलं परता" हे इतकी वर्षं ती लिहीत होती.

काकांनी घाबरत घाबरत आजीला सांगितलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अक्षर मात्र बरा होता हो तिचा."

आजोबा दोघींनाही परत दिसले नाहीत.

वकील, नाशिक

माणूस सापडलाच नाही तर कायदा काय म्हणतो, असं कुणी विचारलंय म्हणून. सात वर्षं ज्यांना खबर मिळायला हवी त्यांना मिळाली नाही, तर माणूस मृत असल्याचं कायदा गृहीत धरतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 108, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 111. पण मेला *कधी*, हे गृहीत धरत नाही, ते सिद्ध करावं लागतं. इथेच बायका अडकतात. विम्याचे हप्ते "आता कशाला" म्हणून थांबवतात आणि पॉलिसी बंद पडते. 2004 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात असंच झालं.

हिंदू विवाह कायद्यात याच सात वर्षांवर घटस्फोटही मिळतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना दोन्ही वाटा समजावल्या, पेन्शन कुठे मिळेल, कुठे जाईल. त्यांनी विचारलं, "आणि तो जिवंत असून गप्प बसला असेल, तर त्याचं कलम कुठलं?"

धागा काढणारी

कानडीचं बऱ्याच जणांनी विचारलंय. दीर नंतर एवढंच म्हणाला की लग्नाआधी आतोबा दोन वर्षं हुबळीला होते. तिथून का आले, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. आत्या हुबळीला एकदाही गेली नाही. तिकीट दोनदा काढलं होतं.

माझ्या लग्नात प्रेसवाल्यानं निमंत्रकांच्या यादीत तिच्या नावाआधी काय घालू म्हणून विचारलं, सौ. की श्रीमती. बाबा खाली बघत बसले. आत्यानं त्याच्या हातातून प्रूफ घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाली, "नुसतं नाव टाका. आणि हे ऱ्हस्व आहे, दीर्घ करा."