माटोळीच्या वाक्यातले चार ‘आणि’

प्रश्न (फोंडा) :
आमच्या वाड्यावरच्या चवथीच्या स्मरणिकेसाठी मी माटोळीवर (गणपतीच्या वर फळे बांधून टांगतात त्या चौकटीवर) एक टिपण लिहिले आहे. त्यातले एक वाक्य असे : ‘नारळ आणि सुपारीचा घड आणि चिबूड आणि कवंडळ आणि रानातून कोणीतरी पहाटे तोडून आणलेली, नावही न आठवणारी फळे गणपतीच्या डोक्यावर लोंबत असतात.’ संपादकांनी पहिले तीन ‘आणि’ खोडून तिथे स्वल्पविराम दिले. शाळेत आपण हेच शिकलो, हे मान्य; पण वाक्यातला जीवच गेल्यासारखा वाटतो. हा माझा हट्ट आहे की त्यामागे काही कारण आहे?

उत्तर (म्हापसा) :
सामानाची यादी असती, तर संपादकांचेच बरोबर ठरले असते. परंतु माटोळीला प्रत्येक फळ वेगळे बांधावे लागते, आणि तुमचा प्रत्येक ‘आणि’ वाचकाला त्या त्या फळापाशी क्षणभर थांबवतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन आपल्या बाजूचे वीर मोजतो, ते आठवा : ‘भवान्भीष्मश्च कर्णश्च कृपश्च समितिञ्जयः’. छंदाची गरज असेलही, पण एकेका नावावर ‘च’ (म्हणजे ‘आणि’) ठेवत जाणारा हा माणूस द्रोणांपेक्षा स्वतःलाच धीर देत आहे, असे मला नेहमी वाटते.

उत्तर (डिचोली) :
दाखला चांगला आहे, पण तो जसाच्या तसा लागू होत नाही. संस्कृतातला ‘च’ शब्दाच्या मागून येतो. त्या जागी मराठीत ‘ही’ बसतो, म्हणजे ‘भीष्मही, कर्णही’. आपला ‘आणि’ पुढच्या शब्दाच्या आधी येतो, त्यामुळे अजून काहीतरी यायचे आहे अशी अपेक्षा तो निर्माण करतो. गावच्या उत्सवी नाटकांत कामे करताना मला हे कळले : ‘आणि’वर आवाज किंचित वर ठेवला, की प्रेक्षक पुढच्या शब्दाची वाट पाहतात.

क्रियापदांच्या बाबतीत तर हा परिणाम अधिकच जाणवतो, कारण ‘उठून, अंघोळ करून, चहा पिऊन निघाला’ अशी सोय मराठीत आयती आहे. ती सोडून ‘उठला आणि अंघोळ केली आणि चहा प्यायला आणि निघाला’ असे म्हटले, तर बोलणारा एक तर लहान मूल असतो किंवा कंटाळलेला माणूस. यांपैकी कोणी हवे असेल तेव्हाच ते वापरावे. ‘व’ मात्र असा कधीच ओळीने लावू नये. फारसीच्या वाटेने आलेला तो शब्द आजही कागदपत्रांतच शोभतो, बोलताना आपल्या तोंडी ‘नि’ नाहीतर ‘अन्’ येतो.

प्रश्नकर्ती (फोंडा) :
दोघांचेही आभार. वाक्य मोठ्याने वाचून दाखवल्यावर संपादकांनी खोडलेले तिन्ही ‘आणि’ परत घातले, मात्र पुढच्या परिच्छेदात मोदक, करंज्या आणि पातोळ्यांसाठी मी हाच प्रकार पुन्हा केला होता, तो त्यांनी दाखवून दिला. तिथे मी निमूटपणे स्वल्पविराम दिले.