नाव हर्षिणीचं, थैली कोणाची?

जाईजुई:
जैन चित्रपोथ्यांचा विषय निघाला की 'श्रीमंत व्यापाऱ्यांचा आश्रय' म्हणून आपण मोकळे होतो. १४६५ सालचं जौनपूरचं कल्पसूत्र घ्या, म्हणजे तीर्थंकरांच्या चरित्रांची पोथी. गादीवर सुलतान हुसेन शाह शर्की, अक्षरं सोन्याच्या शाईची, आणि पोथी करवून घेतली हर्षिणी नावाच्या श्राविकेने, म्हणजे जैन गृहस्थ बाईने. संघवी कालिदास पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, येतो तो तिचा नवरा म्हणून. मग व्यापाऱ्यांचा आश्रय कसा?

खतावणी:
दुकान बायकोच्या नावावर असतं म्हणून गल्ल्यावर ती बसते असं नाही. आणि तिच्यामुळे चित्रात बदललं काय? १४३९ चं मांडूचं कल्पसूत्र शेजारी ठेवा. तीच महावीरांची आई त्रिशला, तिला पडलेली तीच चौदा स्वप्नं, चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला तोच दुसरा डोळा.

जाईजुई:
चित्राचा साचा शेठजींनीही बदलला नाही. त्यांना आश्रयदाते म्हणताना ही अट कुठे जाते?

उद्यापन:
जरा दक्षिणेत या. कर्नाटकातल्या मूडबिद्रीची महाबंध या दिगंबर जैन ग्रंथाची ताडपत्री पोथी बाराव्या शतकातली. शांतिसेनाची पत्नी मल्लिकव्वा हिने ती श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला लिहवून माघनंदी मुनींना दिली. माझी आजी उद्यापनाला ताटं वाटायची. पैसे आजोबांचे, पण व्रत कोणाचं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. नवऱ्याचीच थैली म्हणाल तर दहाव्या शतकातली अत्तिमब्बे बघा: ऐन तारुण्यात वैधव्य, तरी कन्नड कवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून वाटल्या.

खतावणी:
अत्तिमब्बेपुढे हात जोडले. पण ती मोठ्या सरदार घराण्यातली, तिच्यावरून हर्षिणीचं माप काढू नका. ताटांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं! व्रताला दान द्यायचं, मग ताट काय नि पोथी काय. हे पुण्य. चित्राची आवड नव्हे.

जाईजुई:
ताट वाटलं की फडताळात जातं. कल्पसूत्र पर्युषणात, जैनांच्या पावसाळ्यातल्या पर्वात, सगळ्या संघापुढे वाचतात, चित्रं दाखवतात. एवढं सोनं आणि लाजवर्दी निळा ओतायचा तो चारचौघांनी बघावा म्हणूनच ना? राहिला चित्राचा साचा. ताडपत्र जाऊन कागद आला, पानांना भोक पाडून दोरा ओवायचं कारण उरलं नाही, तरी भोकाच्या जागी टिकली रंगवायचं चिताऱ्यांनी सोडलं नाही. ते हर्षिणीचं ऐकणार नव्हते, तसं कालिदासाचंही नाही.

खतावणी:
टिकलीचं पटलं. थैलीचं अजून नाही.